ज्वारीच्या चित्रातली कोरी जागा

माझी पत्नी शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी झाडं, बांध, पिकं रंगवायची. मी ग्रंथपाल. तिनं रंगवावं आणि मी त्याचा अर्थ लावावा, अशी आमच्या घरात तीस वर्षं कामाची वाटणी होती. माझा अर्थ ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चहा ठेवू का?"

मागच्या माघात ती गेली. एक चित्र अर्धं राहिलं. माकणीच्या एका शेतातली ज्वारी, पलीकडे बाभळ, वर थंडीतलं स्वच्छ आभाळ. आणि ज्वारीच्या मधोमध तळहाताएवढी कोरी जागा, वर निमुळती, खाली पसरट. त्या जागेवर मी वहीची दोन पानं लिहिली. निसर्गात जे दिसत नाही तेच खरं, असं काहीतरी. ज्वारीच्या ताटांवर रंग खरखरीत, दाणेदार बसला होता. त्याला मी 'मातीचा श्वास' म्हटलं आणि त्या दोन शब्दांवर बरेच दिवस खूश होतो.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, वर्षश्राद्धाला हेच चित्र लावायचंय. पण मध्येच पोपडा उडाल्यासारखं दिसतंय. तिथं काय होतं ते बघा आणि कुणाकडून तरी भरून घ्या ना."

तिच्या चित्रात परक्याचा हात मला नको होता. शिवाय चुकीचं काही भरलं, तर विचारायला ती नाही. मग मीच भरायचं ठरवलं. आयुष्यात पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक सोडले, तर मी काही रंगवलेलं नव्हतं.

हे चित्र घेऊन ती दर येळवशीला माकणीला जायची. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. ती मलाही चल म्हणायची. मला गर्दीचं वावडं. मी घरी पुस्तक घेऊन बसायचो. संध्याकाळी ती डब्यातून भज्जी आणायची. डाळी, हिरवे दाणे आणि दिसेल ती भाजी बेसनात शिजवलेली. ती मी डबा पुसून खायचो. चित्र कुठवर आलं, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

या येळवशीला तिची रंगपेटी आणि चित्र घेऊन मी एसटीनं माकणीत उतरलो. शेताच्या मालकीण मावशींनी लांबूनच हाक मारली. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पेटी ओळखली.

"या सर. आदी जेवा."

"मावशी, आमचं वर्ष सरलं नाही अजून. सण करत नाही आम्ही."

"सन करा कोन म्हनलं? जेवा म्हनलं."

नंतर जेवतो म्हणून मी बांधावर बसलो. चित्र मांडीवर घेतलं आणि समोर पाहिलं. कोऱ्या जागेच्या ठिकाणी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बांधलेली कोप होती. वर निमुळती, खाली पसरट. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, आणि त्यांच्यासमोर पंगत. माझी दोन पानं तिथंच निकालात निघाली.

आधी सुट्या कागदावर सराव केला. पहिली कोप गाढवाच्या कानासारखी झाली. दुसरी पाहायला शेजारच्या शेतातले म्हातारे आजोबा आले. बराच वेळ वाकून पाहिल्यावर म्हणाले, "कोपच हाय. पर वादळ होऊन गेल्यावरची."

मावशींनी आंबिलीचा पेला आणून ठेवला. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली ती गार आंबील माझ्या पाण्याच्या पेल्याशेजारी होती. मी ब्रश तिच्यात बुडवला आणि घोट पाण्याचा घेतला. रंगाच्या पाण्याचा.

मी थुंकत असताना मावशी हसत होत्या. "बाईबी तेच करायच्या. पयल्या वर्षी चुकून, मग मुद्दाम. म्हनायच्या, रंग कसा दानेदार बसतोय बगा."

"म्हणजे," मी चित्रातल्या ज्वारीवर बोट ठेवलं, "हे जे खरखरीत आहे..."

"पीठ हाय त्ये, सर."

वही घरी ठेवून आलो होतो, हे बरं झालं. पण खरा प्रश्न राहिलाच होता. "इतक्या वर्षांत तिनं कोप का नाही काढली?"

"कवा काढनार? रंगवत रंगवत कोपीवर आल्या की आमी जेवाय हाका मारायचो. उरलेलं चित्र जेवून काढते म्हनायच्या, आन आत येऊन बसायच्या. भज्जी, खीर, वर आंबील. एवढं खाल्ल्यावर कुनाचा हात चालतोय? तितंच लवंडायच्या. उठल्यावर डबा तेवढा आटवनीनं भरून घ्यायच्या. म्हनायच्या, आमचे सर घरी पुस्तकं खात बसले असतील."

मला हसू आलं, आणि ते थांबवता येईना. शेवटी मावशींनीच माझ्या मांडीवरचं चित्र उचलून कडब्यावर ठेवलं. "चला आता."

कोपीत वाकून शिरावं लागतं. आत उबदार अंधार होता आणि कडब्याचा गोड वास. तिची बसायची जागा कुठली, हे मी विचारलं नाही. पंगतीनं सरकून जिथं जागा केली तिथं बसलो. भज्जी तीनदा घेतली. नंतर, सांगायला लाज वाटते, मीही लवंडलो. जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि एसटीची वेळ झाली होती. घाईत चित्र उचलताना बरोबर कोऱ्या जागेत अंगठा लागला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मुलगी चित्र भिंतीवर लावायला गेली आणि थबकली. "बाबा, हे पिवळं काय लागलंय?" ती ओलं फडकं घेऊन आली.

"भज्जी आहे. राहू दे."

तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्ही भरलंच नाही."

"भरणार होतो," मी म्हणालो. "जेवून."