गाडीच्या नावावरचं बिल

मी इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा घरात एकट्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, पेढा खाल्ला नाही. "साखर वाढली हाय," म्हणाले. साखर त्यांना कधीच नव्हती.

बाबा वीज मंडळात मीटर रीडर होते. दारव्ह्याच्या आसपासची गावं सायकलनं पालथी घालत, लोकांच्या भिंतींवरच्या मीटरचे आकडे उतरवत त्यांची सगळी नोकरी सरली. त्यामुळे आमच्याकडे रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की ते उठून आधी तो बंद करायचे. आणि मी तर अख्खी गाडीच प्लगला लावणार होते! मी यवतमाळच्या कॉलेजात शिकवते. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर होतात आणि पेट्रोल पगाराचा चांगलाच लचका तोडत होतं, म्हणून हे धाडस.

"पेट्रोलचे पैसे देतो ते दिसते तरी," बाबा म्हणाले. "हे भिंतीतून जाईन. कोनाले समजनारबी नाही."

पंधरा अँपिअरचा सॉकेट बसला, अर्थिंग झालं आणि महिन्यानं बिल आलं. नेहमीच्या तिपटीला टेकलेलं. नवऱ्यानं ते घडी करून टीव्हीमागे सरकवलं. बाबांनी ते काढून खणखणीत आवाजात वाचलं, दोनदा. युनिट वाढले की वरच्या युनिटांचा दरही चढतो, हे मला ठाऊक होतं, पण इतकं? पेट्रोलपेक्षा कमीच होतं, तरी मी घरात ज्या आकड्याची ऐट मिरवली होती तो केव्हाच मागे पडला होता.

"तुही गाडी सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली, सूनबाई."

"मग तुम्हीच मोजा ना, बाबा. तुमच्याइतकं मीटर या घरात कोणाला कळतं?"

खरं तर मी वेळ मारून नेली होती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकातून गाडी आत घेतली तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून मीटरखाली उभे! चार्जिंगला लावायच्या आधीचा आकडा, काढल्यानंतरचा आकडा, सगळं वहीत. निवृत्त झाल्यापासून इतके तरतरीत मी त्यांना पाहिले नव्हते.

चौथ्या दिवशी ते वही घेऊन स्वयंपाकघरात आले. "तुही गाडी म्हनते दहा युनिट घेतले. मीटर म्हनते चौदा."

"थोडी वीज वाया जाते, बाबा. फ्रीज आहे, पंखे आहेत..."

"फ्रीज-पंख्याचं धरलं हाय मी. तरी जास्त येऊन राह्यले."

रविवारी सकाळी त्यांनी झडतीच घेतली. गाडीचा प्लग काढला, फ्रीज बंद, मोटार बंद, नवऱ्याचा मोबाईलही चार्जरवरून ओढला. शेवटी घराचा मेन स्विच खाली. मला टॉर्च धरायला लावून ते स्टुलावर चढले. वीज चालली की लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा आता थांबायला हवा होता. तो आपला लुकलुकतच होता.

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत एक टेलर मास्तर भाड्यानं दुकान चालवतात. त्यांचं मीटर वेगळं, बिल वेगळं. तिथून फस्स करून वाफेचा आवाज आला.

"मास्तर!" बाबा स्टुलावरूनच ओरडले. "काय चालू हाय तुमच्याकडे?"

"इस्त्री, भाऊ!"

"बंद करा बरं जरा."

"काहून?"

"करा तं!"

दिवा थांबला.

"आता चालू करा."

दिवा लुकलुकू लागला.

बाबा स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. दुकानात वीज घेतली तेव्हा कुणा वायरमननं इस्त्रीचा बोर्ड जवळ पडतो म्हणून आमच्या मीटरच्या पुढं, मेन स्विचच्या आधीच आमच्या लाइनीला जोडून दिला होता. अकरा वर्षं झाली त्याला. "जिंदगीभर लोकायचे मीटर पाह्यले," बाबा हळूच म्हणाले, "अन् सोताच्या दारातलं नाही पाह्यलं." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते दाबलं आणि टॉर्च विझवली.

मास्तर गळ्यात टेप घेऊन धावत आले. सगळं कळल्यावर त्यांचा चेहराच उतरला. "भाऊ, आईची आन, मले ठाऊक नव्हतं. सांगा किती झाले, हप्त्याहप्त्यानं देतो." आता भांडण होतंय की काय, अशी मला धास्ती वाटली.

"वायरमननं चुकवलं, मास्तर. तुम्ही नाही," बाबा म्हणाले. "अकरा वर्षांचा हिशोब मले जमत नाही." युनिटांचे पाढे झोपेत म्हणू शकणारा हा माणूस! मास्तरांनाही ते समजलं असावं. ते हात जोडून उभे राहिले. दुपारी वायरमननं येऊन इस्त्री मास्तरांच्या मीटरवर घेतली.

पुढचं बिल पायरी उतरून आलं. बाबांनी माझ्या गाडीचा खरा खर्च काढला. एका दिवसाचं जाणं-येणं एसटीच्या तिकिटाएवढ्यात पडत होतं.

"पाहा," मी म्हटलं.

"अन् बायांले एसटीत अर्धं तिकीट हाय," बाबा म्हणाले. हार मानणं त्यांच्या रक्तातच नाही.

इस्त्रीचं बिल स्वतःच्या नावावर आल्यावर मास्तरांना मात्र घाम फुटला. त्यांची इस्त्री जुनी, वीज पिणारी. कमी वीज घेणारी आणायची ठरली, तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "सूनबाई, आमाले यवतमाळले नेतं का तुह्या गाडीत?" बाबा पुढं बसले, मास्तर मागं. गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली तरी मास्तर विचारत होते, "चालू झाली का?" बाबांनी मागं वळून त्यांना युनिट, दर, किलोमीटर सगळं समजावलं, यवतमाळ आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. तीन दुकानं हिंडून, घासाघीस करून इस्त्री घेतली, गरम समोसे खाल्ले आणि परतलो.

घरी पोहोचल्यावर मी सवयीनं चार्जिंगच्या वायरीकडे वळले. आजवर बाबांनी तिला हात लावला नव्हता.

"थांब," ते म्हणाले, "मी लावतो." आणि चष्मा नीट करून त्यांनी ती जपून गाडीला लावली.