कॅमेरा अपडेट केला आणि आक्का उठल्या

इकडे ये बघू. दारात उभी राहून काय बोलतेस, परकी आहेस का? अशी जवळ बस. आणि तो फोन दाखव जरा. हे काय आलंय वर? ‘अपडेट उपलब्ध आहे.’ आणि तू काय केलंस? ‘नंतर’! मागे आली होतीस तेव्हाही ‘नंतर’च केलं होतंस, मी बघितलं होतं. एवढी शिकलेली तू, आणि आपल्याच वस्तूचा एवढा कंटाळा? अगं, मीही तसंच ‘नंतर’ म्हटलं असतं ना, तर आमच्या आक्का अजून कोन गावाला भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत्या. हसू नकोस. सांगते ते ऐक.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. सासर पनवेलजवळच्या कोन गावचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, ती त्यांनी शिकवली, तीही टोमणे मारत मारत. पुढे आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो, तरी आमच्या बिल्डिंगच्या बायकांचे उडदाचे पापड असले की आक्का कोनहून रिक्षा करून यायच्याच. खालच्या हॉलमध्ये सतरंजी घालून आम्ही बसायचो. पीठ कुटायचा आणि पापडखार किती घालायचा हे सांगायचा मान आक्कांचा. बाकीच्यांनी लाट्या करायच्या, लाटायचं आणि अखंड बोलायचं.

पण आक्कांचे कान गेले. हळूहळू गेले, मग पुरतेच गेले. मशीन आणलं, तर ते कानात शिट्ट्या मारायचं. त्यांनी ते डबीत घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिलं. लिहायला-वाचायला त्यांना येत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून द्यावी तर तीही सोय नाही. त्यांना येतं ते एकच, समोरच्याचे ओठ वाचणं. ते मात्र असं येतं, की तुम्ही नुसतं पुटपुटलात तरी पकडतील! पण बायकांच्या घोळक्यात कोणाकोणाच्या तोंडाकडे बघणार? एकीकडे बघेपर्यंत दुसरीच हसायला लागायची. त्यात पाय मोडला. पाय जुळला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण आक्का उठेनात.

मी भेटायला गेले तर म्हणाल्या, “येऊन काय करू गो? दगडासारकी बसू? तुमी हसनार आनि मी बगत रानार.”

त्यांची सून बाहेर येऊन मला म्हणाली, “मामी, जेवतातसुद्धा भिंतीकडे बघून. तुम्हीच काहीतरी करा.”

काय करणार मी? फोनवर व्हिडिओ कॉल करून बघितला, तर चित्र अडकायचं नि ओठ मध्येच थिजायचे. शिवाय एवढ्याशा चौकोनात त्यांना काय दिसणार! तेव्हा मला माझा कॅमेरा आठवला. मुलीनं स्वतःसाठी मोठा घेतला आणि हा मुठीत मावणारा छोटा मला दिला होता. म्हटलं, पापडाला बसलेल्या बायकांचा व्हिडिओ काढते, कोनला नेते, वायर लावून त्यांच्या मोठ्या टीव्हीवर दाखवते. तोंडं चांगली परातीएवढी दिसतील!

बायकांना सांगितलं, एकेकीनं कॅमेऱ्याकडे बघून आक्कांशी बोला. सगळ्या बोलल्या. मी ऐटीत कोनला गेले, टीव्ही लावला, आक्कांना उशीला टेकवून बसवलं.

काय सांगू तुला! बाई बोलायला लागली की कॅमेरा तिचं तोंड सोडून मागच्या खिडकीची जाळी न्याहाळायचा. जाळी अगदी लख्ख, आणि बाईचं तोंड म्हणजे पाण्यात विरघळलेला साबण. परत तोंडाकडे यायचा, परत पळायचा. वर ट्यूबलाइटमुळे सगळ्या चित्रावर काळे पट्टे सरकत होते. आक्का डोळे बारीक करून पुढे वाकल्या, थोडा वेळ बघितलं.

“ही कोन? भोपळा हाय काय?” म्हणाल्या. सून हसली, मीही हसले. पण आक्का हसल्या नाहीत. उशी काढली आणि आडव्या झाल्या. “यापुडं असलं काय आनू नको गो. मला तरास होतो.”

परत येताना रिक्षात बसल्या बसल्या कॅमेऱ्यावर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला.  

घरी येऊन मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, आधी लेन्स बघ. काही लागलंय का?” बघितलं तर कडेला लाल डाग. दसऱ्याला मी शिलाई मशीन, मिक्सर, विळी सगळ्यांना हळदकुंकू लावते, तसं कॅमेऱ्यालाही लावलं होतं. कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून डोळ्याच्या वर लावलं, ते ओघळलं असणार. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. “आई, लेन्सला कुंकू? अगं त्याचं काय लग्न लावलंस का?” मी म्हटलं, “तू हस. तू तर मिक्सरलासुद्धा लावत नाहीस.”

मऊ कापडानं हलक्या हातानं पुसलं. परत काढून बघितलं. कुंकू गेलं, पण पळापळ तीच आणि पट्टेही तेच! मग मी हट्टालाच पेटले. कॅमेरा उघडझाप करत बसले, एक एक मेन्यू बघत गेले. खाली कुठेतरी ‘फर्मवेअर’ लिहिलेलं, पुढे आकडा. ते काय असतं म्हणून शोधलं, चार जणांचे व्हिडिओ बघितले, तेव्हा उमगलं. अगं, कॅमेऱ्याच्या आत कंपनीनं त्याला काही शिकवून ठेवलेलं असतं. चेहरा कुठला, खिडकी कुठली, उजेड किती घ्यायचा, कुठे नजर ठेवायची. विकल्यानंतरही कंपनी ते शिकवणं सुधारत राहते आणि नवीन धडा वेबसाइटवर फुकट ठेवते. माझ्या कॅमेऱ्याच्या पानावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं: व्हिडिओ काढताना चेहऱ्यावरचा फोकस टिकून राहणं सुधारलं, आणि ट्यूबच्या उजेडातले पट्टे घालवायची सोय केली. माझं दुखणं त्यांना कसं कळलं, असंच वाटलं मला! आणि हे तिथे कधीचं पडून होतं. कोणी घेतलंच नव्हतं.

कॉम्प्युटरवर फाइल उतरवली, कार्डात टाकली. कॅमेरा म्हणतो, फाइल नाही. अगं आहे ना, मी स्वतः ठेवली! मुलीला विचारलं तर कळलं, मी ती फोटोंच्या फोल्डरच्या आत नीट झाकून ठेवली होती. आपण नाही का, चांगली वस्तू डब्यात आणि तो डबा मोठ्या डब्यात ठेवतो, तशी. कॅमेऱ्याला ती अशी वर, उघड्यावर लागते. बाहेर काढून ठेवली, लगेच सापडली त्याला. बॅटरी पूर्ण भरून घेतली होती, कारण मध्येच बंद पडला तर कॅमेरा कायमचा जायचा, असं ठळक अक्षरात बजावलं होतं. ‘हो’ दाबलं. एक पट्टी भरायला लागली. मग अचानक पडदा काळा! हात लावू नये, बटण दाबू नये. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून ओट्याला टेकून उभी राहिले. आणि लागला की गं! आकडा बदललेला. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

आणि पहिलं काय केलं असेल? आक्कांना दाखवलेला तोच व्हिडिओ परत लावला. म्हटलं आता स्वच्छ दिसेल! कुठलं काय, साबण तसाच. जो काढून झाला तो झाला, शहाणपण पुढच्यालाच. मग चप्पल घातली आणि तडक हॉलमध्ये गेले. मेन्यूतली ती पट्ट्यांची सोय चालू केली आणि बायकांना म्हटलं, बोला परत.

“आता आणखी किती वेळा बोलायचं?” एकीनं विचारलं.

“आक्कांना कळेपर्यंत,” मी म्हटलं.

बोलल्या बिचाऱ्या. आणि छोट्याशा पडद्यावर मला दिसत होतं, कॅमेरा चेहरा सोडतच नव्हता! बाई लाटीकडे वाकली तरी हा तिच्याबरोबर, वर बघितलं तरी हा तिच्याबरोबर. पट्टे गायब. दातांच्या फटी दिसत होत्या, इतकं नितळ.

कोनला आक्का आधी बघायलाच तयार नव्हत्या. सुनेनं आणि मी मिळून त्यांना जवळजवळ ओढून बसवलं. टीव्ही लागला. पहिली बाई म्हणाली, आक्का, लवकर बऱ्या व्हा. आक्कांनी मान हलवली. कळलं होतं! मी सुनेचा हात घट्ट धरला. दुसरी म्हणाली, तुमची आठवण येते. परत मान हलली. पण चेहरा तसाच, देवळात प्रसाद घ्यावा तसा.

तिसरी बोलत होती आणि तिच्या अगदी शेजारी आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकू बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण काही कॅमेऱ्यात येत नाही. पलीकडच्या बाईच्या कानाला लागून काहीतरी बोलल्या. लाटण्यांच्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नव्हतं, टीव्हीवरही येत नव्हतं. आक्का एकदम ताठ बसल्या.

“थांबव. परत लाव.”

मी परत लावलं. आक्कांचं बोट तिसरीवर नव्हतं, शेजारच्या काकूंवर होतं.

“ही काय म्हनते ठावं हाय? आक्का नाय तर यंदा पापडखार बेताचा पडला, पापड कडू नाय झाला. माझा पापड कडू? हिच्या सासूनं माझ्याकडनं शिकलं!”

मी परत लावून काकूंच्या ओठांकडे बघितलं. अगदी तेच!

“आक्का, जाऊ द्या हो, त्या आपल्या अशाच...” मी म्हणायला लागले.

“का जाऊ द्या? बऱ्या व्हा, बऱ्या व्हा, ते तर डाक्टर पन म्हनतो. मला ह्ये पायजे होतं!” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या गं. हसता हसता पाय पलंगाखाली सोडले. “सूनबाय, माझी काठी कुटं हाय? आनि ती हिरवी साडी काड.”

सुनेला रडू येत होतं, पण तिनं साडी काढली.

तर आक्का आल्या! काठी टेकत हॉलमध्ये शिरल्या, काकूंच्या बरोबर समोर बैठक मांडली आणि म्हणाल्या, “आता मोट्यानं नको, पन माझ्याकडं तोंड करून बोल. काय कडू लागलं?” काकूंचं लाटणं हातातच राहिलं. मग सगळ्या अशा हसलो की वरच्या मजल्यावरचे लोक खाली बघायला आले. आता आमचा नियमच झालाय, गोल बसायचं आणि बोलायचं असलं की आधी हात वर करायचा, म्हणजे आक्का तिकडे बघतात. काकू तर मुद्दाम हात वर न करता कुजबुजतात, आक्कांना खिजवायला. आणि आक्का पकडतात.

उरलेल्या पिठाचे पापड आता आक्कांच्या हातचे व्हायचेत. खार त्यांच्याच मापानं पडणार, काकूंनी काही म्हणू दे. तू ये ना! लवकर ये, पीठ संपायच्या आत. आक्कांच्या समोर बस, हळू बोल आणि हसताना तोंडावर हात धरायची तुझी सवय आहे ना, तेवढी घरी ठेवून ये. त्यांना तुझ्याशी पुष्कळ बोलायचंय.