कुंडीतल्या झाडांना उजेड

चार माणसांना एकच वेड लागलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. शेतातून घरी यावं आणि कपड्यांना कुसळं चिकटलेली निघावीत, तसे ते आपोआप सोबत येतात. आमचं वेड बोन्सायचं. नव्वदच्या दशकात पुण्याला एक प्रदर्शन बघितलं आणि ते लागलं. आम्ही म्हणजे मी, नारायणगावच्या शाळेतली बाई. विज्ञान शिकवून रिटायर झालेले जोशी सर. मंचरच्या एका डॉक्टरांच्या मिसेस शैलाताई. आणि पिंपळवंडीचे दत्ताभाऊ, शेती आणि पोल्ट्रीवाले.

वड-उंबर बुटके ठेवायला आम्ही लवकर शिकलो. पण घरातल्या झाडाला उजेड कुठून आणायचा, हे कळायला वर्षं गेली. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, झाडाला ती अंधारीच असते.

*

माझा पहिला वड मी टीव्हीवर ठेवला होता. शोभेला. महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. उजेड कमी पडतोय म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, टीव्हीचाही उजेडच असतो, तो लावून ठेव.

ते गमतीत म्हणाले, पण सासूबाईंनी मनावर घेतलं. मी शाळेतून यायचे तेव्हा टीव्ही चालू, सासूबाई समोर. कितीही वेळ झाला तरी बंद करायचं नाव नाही. एकदा मी म्हटलं, आता पुरे. तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मी कुठं बघतेय? झाडासाठी लावलाय."

वड गेला. सासूबाईंची एकही मालिका चुकली नाही.

*

दत्ताभाऊंकडे पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायचे मोठाले बल्ब होते. त्यांनी त्यातला एक घरात आणून पिंपळाच्या डोक्यावर टांगला, अगदी हातभर अंतरावर. उजेड भरपूर झाला, पण ऊबही भरपूर झाली. पानांच्या कडा जळाल्या, माती विटेसारखी टणक झाली.

त्याच आठवड्यात अवसरीहून त्यांचे साडू आले. बाहेरच्या खोलीत बल्ब जळतोय, खाली ट्रे, त्यात माती. साडू वाकून वाकून बघायला लागले. दत्ताभाऊंनी विचारलं, काय शोधताय?

"पिल्लं दिसत न्हाईत, भाऊ. समदी मेली का?"

*

जोशी सरांचं सगळं शास्त्रोक्त. त्यांच्या घरात ऊन फक्त मागच्या अंगणात यायचं. त्यांनी अंगणात आरसा उभा केला, कोन धरून ऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतलं आणि बरोबर चिंचेवर पाडलं. आम्हाला मुद्दाम बघायला बोलावलं. खरंच, चिंच उजळून निघाली होती.

चहा होईपर्यंत ते ऊन चिंचेवरून सरकलं, भिंतीवर गेलं आणि तिथून भाकरी थापणाऱ्या काकूंच्या डोळ्यांवर. काकू म्हणाल्या, अहो, तुमचा सूर्य सरकला. सर सवयीनं म्हणाले की सूर्य सरकत नाही, पृथ्वी फिरते.

काकूंनी पदर डोळ्यांवर ओढला. "मग तुम्ही आरसा घेऊन तिच्यामागं फिरा. मला भाकरी करू द्या."

*

पुढं लोडशेडिंग सुरू झालं. कोणी ट्यूब लावल्या होत्या, त्या नुसत्या टांगलेल्या राहिल्या. शैलाताईंनी मात्र जागा शोधली. डॉक्टरांच्या दवाखान्यात इन्व्हर्टर होता, आणि भिंतीवर एक्स-रे बघायची पांढऱ्या उजेडाची पेटी. पेशंट नसले की त्या पेटीखाली टेबल सरकवून जुनिपरचं बोन्साय ठेवायच्या. डॉक्टरांना आवडायचं नाही, पण घरात बोलायची सोय नव्हती.

एकदा आंब्याच्या झाडावरून पडलेला एक शेतकरी हाताचा एक्स-रे घेऊन आला. झाड हलवायचं राहून गेलं होतं. त्यानं पेटीकडं बघितलं, वाकडंतिकडं खोड बघितलं, त्याला वळण द्यायला गुंडाळलेली तार बघितली. डॉक्टरांनी या, बसा म्हटलं तरी बसेना.

"आधी त्याचं बघा, डॉक्टर. त्याला लई ठिकाणी मोडलंय."

*

बल्बचा नाद सोडल्यावर दत्ताभाऊंनी सरळ छपरालाच हात घातला. कौलारू घर. ओटीवरची काही कौलं काढून तिथं काचेची बसवली आणि खाली स्टुलावर उंबर ठेवला. सकाळ चढली की ऊन नेमकं त्याच्यावर उतरायचं. त्या उंबरासारखं झाड आमच्यापैकी कोणाचंच झालं नाही. पानं बारीक, फांद्या आखूड आणि भरलेल्या, शेंड्यांना तांबूस पालवी. आम्ही तिघं बघायला गेलो तेव्हा सर बराच वेळ त्याच्याभोवती फिरत होते.

दत्ताभाऊंचे वडील अण्णा मांडी मोडल्यापासून आत माजघरात खाटेवर असायचे. माजघराला खिडकी नव्हती. एक बल्ब होता, तो लाइट असेल तेव्हा. खाटेवरून दारातून ओटी दिसायची.

दत्ताभाऊ खुशीत होते. चहाचा कप हातात घेऊन आम्हाला सांगत होते, की नुसतं पाणी आन् खत घालून भागत नाही. "वर आभाळ दिसलं पायजे त्याला. न्हाई तर जगतं, पर त्यात जीव नसतो."

आतून अण्णांनी हाक मारली. दत्ताभाऊ उंबऱ्यापर्यंत गेले, विचारलं, काय पाहिजे?

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "मला बी एखाद्या कुंडीत लाव."

दत्ताभाऊंनी कप तसाच खाली ठेवला आणि शिडी आणायला गेले.