तीस फूट डबे

गेल्या महिन्यात पनवेलला एसटी स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये सरहद्दीवरच्या इंग्रजी किल्ल्यांचा स्लाइड शो झाला. भरवणारं मंडळ दर रविवारी एकसारखे टी-शर्ट घालून कर्नाळ्याला जातं, फोटो काढतं आणि दुपारी मिसळ खाऊन घरी येतं. वक्ते सरहद्दीवर कधी गेलेले नव्हते. तटाच्या जाडीबद्दल मात्र असं बोलत होते, जणू स्वतः गवंड्याच्या हाताखाली होते. शेवटी कोणीतरी सांगितलं, मागच्या रांगेतले सुभेदार साहेब असल्याच एका किल्ल्यात राहून आलेत. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्या. जरा रोमांचक असू द्या."

लिहून देतो आहे. रोमांचक वाटलं नाही तर छापू नका.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो. आमची कंपनी ईशान्येच्या डोंगरात होती आणि आमची प्लाटून एका जुन्या इंग्रजी किल्ल्यात. तुम्ही त्याला किल्ला म्हणाल. आमच्या लेखी ती पोस्ट होती. चौकोनी दगडी तट, दोन बुरूज, पत्र्याच्या बराकी आणि दारात एक संगमरवरी पाटी. पाटीवर तापाने मेलेल्या दोन गोऱ्या कॅप्टनांची नावं कोरलेली, खाली एक ओळ, 'व इतर अकरा'. त्या अकरांची नावं विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती. किल्ला बांधणाऱ्याची अक्कल मला पाण्याच्या जागेवरून कळली. तट उत्तम, नजारा उत्तम, आणि पाणी तटाबाहेर तीनशे मीटर खाली. झऱ्यापर्यंत जाणारी पायवाट उघड्या उतारावरून. समोरच्या धारेवर बसलेल्या कोणालाही तिच्यावरचा माणूस दिवसाढवळ्या मोजता यायचा.

रोज सकाळी सहाला सहा जणांची पाणी पार्टी जेरीकॅन घेऊन उतरायची. सात वाजेपर्यंत परत. आठला रोल कॉल. त्या भागात हत्यारबंद टोळ्या होत्या, पण वर्षभर आमच्यावर एक गोळी आली नव्हती. वर्षभर काही झालं नाही की माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो. मीही समजत होतो.

मार्चमध्ये वरून पत्र आलं की डॉ. वसुधा पाठक नावाच्या पुरातत्त्ववाल्या बाई तीन आठवडे पोस्टवर राहतील, सहकार्य करावं. बाई पुण्याच्या, पन्नाशीच्या, कमरेला मोजायची टेप आणि हातात ब्रश. पहिल्या दिवशी त्यांनी दोऱ्या बांधून जमिनीचे चौकोन पाडले. दुसऱ्या दिवशी माती चाळायला बसल्या. सोड्याच्या बाटल्या, गंजलेले डबे, बटणं, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. प्रत्येक पुंगळीला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर नंबर. मी लांबून बघायचो आणि माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. सरकारी रेशन खाऊन ही बाई गोऱ्यांचा उकिरडा पुसते आहे, असं मी मेसमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो होतो. लोक हसले. मला बरं वाटलं.

हसला नाही तो एकटा लान्स नायक हिराजी कोळी. उरणच्या खाडीकाठचा, वय सत्तावीस. बाप मासेमारी करणारा आणि भरतीने फुटलेले बांध दुरुस्त करणारा. दगड, चिखल आणि पाणी ह्या तिन्ही गोष्टी हिराजीला नुसत्या बघून कळायच्या. रिकाम्या वेळात तो बाईंकडे जायचा, चर खणायचा, चाळण हलवायचा. दहा दिवसांनी तो माझ्यापुढे उभा राहिला. मागे बाई.

"सायब, वायव्य कोपऱ्याला कचऱ्याच्या खाली बांधकाम हाय."

"नाला असेल."

"नाला नाय सायब. नाल्याला तळाशी उतार एकसारका असतो. हितं पायऱ्या हायेत. बांधलेली वाट हाय, वरनं फरश्या टाकलेली. झऱ्याशी जात असनार."

बाईंनी नकाशा पुढे केला. किल्ला बांधणारा मी समजलो तितका मूर्ख नव्हता. तटातून थेट झऱ्यापर्यंत झाकलेली वाट त्याने काढली होती. पुढे आलेल्या कोणत्या तरी युनिटने तिच्या तोंडात कचरा टाकला. त्यांच्यानंतरच्यांनी टाकला. आमच्यात पोस्ट ताब्यात घेताना एक यादी मिळते, तिच्यावर सही करायची असते. त्या यादीत होतं, 'गार्बेज पिट, वायव्य कोपरा, एक'. गोरे गेले, आमची माणसं आली, एकामागून एक बटालियन आली, आणि प्रत्येकाने मान खाली घालून सही केली. शेवटची सही माझी होती.

"दहा माणसं दोन दिवस द्या," बाई म्हणाल्या. "तोंड मोकळं होईल."

कॅप्टन साहेब रजेवर होते. पोस्ट माझ्या हातात होती. मी म्हणालो, "मॅडम, माझे जवान कचरा उपसायला भरती झालेले नाहीत."

"सायब, मी एकला करतो," हिराजी म्हणाला. "फावल्या वेळात."

सगळ्यांसमोर बोलला, हे मला झोंबलं. यादीवर सही करणाऱ्याला लान्स नायकाने शहाणपण शिकवावं, हे तर जास्तच. मी त्याच संध्याकाळी ड्यूटी रोस्टर घेतलं. पुढच्या आठवड्याची पाणी पार्टी नायक जाधवची होती. त्याचं नाव खोडून मी कोळीचं लिहिलं, पूर्ण आठवडाभर. सकाळी पाणी आणि दुपारी पहारा. फावला वेळ शिल्लक ठेवला नाही. हिराजी रोस्टर वाचून माझ्याकडे बघून हसला होता. राग नव्हता त्यात. मला तोही उद्धटपणा वाटला.

चौथ्या दिवशी सहा वाजून बारा मिनिटांनी समोरच्या धारेवरून एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशिनगनचा फायर आला. पार्टी झऱ्याजवळ पोहोचली होती. हिराजीने झऱ्याच्या दगडी कुंडामागून उलट फायर दिला, त्या आडोशाने पाच जण वाटेवरच्या मोठ्या शिळेमागे आले. तो मागे राहिला. वायरलेस सेट त्याच्याकडे होता.

"टायगर फॉर टायगर वन. सिट्रेप दे, काय परिस्थिती? ओव्हर."

"टायगर वन. पाच जन शिळेच्या मागं, ठीक हायेत. मला मांडीला लागलंय. ओव्हर."

"रक्त?"

"पट्टी बांदली. थांबत नाय. ओव्हर."

आम्ही बुरुजावरून फायर दिला, मॉर्टर टाकला. धार ढगात होती, कुठे पडतंय ते दिसत नव्हतं. मी दोन माणसं उतारावर पाठवली. दोघं वीस पावलांत परत आले, एकाच्या पंजातून गोळी गेलेली. बटालियनला कळवलं. उत्तर आलं, कुमक नव्वद मिनिटं, तोपर्यंत वाटेवर हालचाल नको.

पाठक बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.  एवढंच म्हणाल्या, "साहेब, कचऱ्यातून."

बुरुजावर सहा जण ठेवले. बाकीचे सगळे वायव्य कोपऱ्यात. फावडी पाच होती. उरलेल्यांनी परात, तवा, हेल्मेट, जे मिळेल ते घेतलं. वर आमचे दुधाचे आणि अननसाचे डबे. त्याखाली आमच्या आधीच्यांचे. त्याखाली गंजून एकमेकांना चिकटलेले, गोऱ्यांच्या वेळचे मांसाचे डबे. ज्या डब्यांना बाई पंधरा दिवस ब्रशने पुसून चिठ्ठ्या लावत होत्या, ते त्या दोन्ही हातांनी उपसून मागे फेकत होत्या. बोटं फाटली होती. मी दर पाच मिनिटांनी सेटवर बोलत होतो.

"हिराजी, आम्ही त्या वाटेने येतोय. खालून येतोय."

"आवाज येतोय सायब. डबे वाजतायत."

"झोपू नकोस."

"नाय झोपत."

सात वाजून दहा मिनिटांनी तो म्हणाला, "जवळ आले सायब." त्यानंतर मी पाच वेळा कॉल दिला.

सात बावीसला फावडं पोकळीत गेलं. डबे फक्त पहिल्या तीस फुटांत होते. पुढे वाट कोरडी, स्वच्छ, फरश्या जागच्या जागी. दीडशे वर्षांत तिचा एक दगड हलला नव्हता. वाकून पळत गेलो. शेवटी रचलेले सुटे दगड होते, वरचे आत ओढून काढले. हिराजी त्या दगडांनाच पाठ लावून बसलेला होता. अंग गरम होतं. सेट चालू होता. वेळ सात एकोणतीस.

कुमक आल्यावर शिळेमागचे पाचही जण सुखरूप वर आले. चौकशी झाली. मी जबाब दिला की लान्स नायक कोळी रोस्टरप्रमाणे पाणी पार्टीचे कमांडर होते. खोडलेलं रोस्टर मी आधीच नव्याने लिहून काढलं होतं. रेकॉर्डमध्ये आलं, 'कचरा हलवताना जुना मार्ग आढळला'. कोणाला आढळला, ते नाही. पाठक बाईंनी मात्र आपल्या अहवालात पहिल्या पानावर लिहिलं, ही वाट लान्स नायक हिराजी कोळी यांनी शोधली. तो अहवाल मंडळाच्या वक्त्यांनीही वाचला असावा, कारण वाटेचा नकाशा त्यांनी पडद्यावर दाखवला. नाव दाखवलं नाही. त्यांचा मला राग आला, आणि दुसऱ्या क्षणी माझीच किळस आली. त्यांनी नाव गाळलं, मी तर रोस्टर बदललं होतं.

दर वर्षी त्याच्या दिवसाला मी चिरनेरवरून पुढे खाडीकडे जातो. त्याची बायको सुगंधा बंदरावर मासळी विकते. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, त्या रोजी पाण्यावर तेच कसे गेले? मी सांगितलं होतं, पाळी होती त्याची. तिने मान हलवून चहा टाकला. मग दर वर्षी चहा, मुलीचा अभ्यास, पेन्शनचे कागद, आणि मी परत.

स्लाइड शोच्या दुसऱ्या दिवशी गेलो. तारीख नव्हती, म्हणून ती दारातच थांबली.

"सायब, आज कसे?"

"वहिनी, त्या आठवड्यात पाण्याची पाळी त्याची नव्हती. मी मुद्दाम लावली. त्याने खणू नये म्हणून."

ती आत गेली, पाणी घेऊन आली, तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"ठाव हाय मला. आदल्या सांजेला फोन आलता त्यांचा. हसत व्हते. बोलले, सायबांनी मला पान्यावर लावलाय, त्यांच्या कचऱ्याला हात लावू नय म्हनून."

"मग इतकी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुमी दरसाल यायचे. मी बोलायची, आज सांगतील. नाय सांगलं. मंग बोलायची, पुडल्या साली सांगतील." तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं. बंदरावर जायची वेळ झाली होती. "आज सांगलंत. आता नाय आलात तरी चालंल."

लान्स नायक हिराजी कोळी, वय सत्तावीस, मुक्काम उरण खाडी. वाट त्याने शोधली. पाळी त्याची नव्हती.