बेसिनमध्ये धुऊन टाकलेले स्फटिक

एम.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकल परीक्षेला मला बेंझोफिनोनचं रिडक्शन आलं. त्यात सोडियम बोरोहायड्राइड घालायचं, बेंझहायड्रॉलचे पांढरे स्फटिक मिळवायचे आणि जास्तीत जास्त किती मिळू शकतात ते आधी कागदावर काढायचं. नोकरीसाठी एका कंपनीच्या मुलाखतीला प्रॅक्टिकलमध्ये पहिला वर्ग लागत होता. श्रीगोंद्याहून रोज एस.टी.ने ये-जा केली ती त्या मुलाखतीसाठी.

आमच्या कॉलेजात हे गणित कुणी करतच नसे. वरच्या वर्गाचं जर्नल खालच्या वर्गाकडे यायचं, ते जसंच्या तसं उतरवायचं आणि सर डोळे झाकून सही ठोकायचे. त्यात लिहिलं होतं, बोरोहायड्राइड आधी संपतं, म्हणून जास्तीत जास्त ०.९७ ग्रॅम. मीही निमूटपणे तेच लिहिलं.

स्फटिक तोलले तर १.३८ ग्रॅम भरले. म्हणजे एकशे बेचाळीस टक्के! असं होऊच शकत नाही. मी सरांकडे गेले.

"ओलं असेल," ते म्हणाले.

पुन्हा टिपकागदात दाबले, ओल शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये ठेवले, तोलले. वजन तेवढंच. वितळणबिंदूही अगदी बरोबर आला, म्हणजे स्फटिक शुद्ध होते. सरांनी तो बघितलाच नाही.

"आपल्याकडे शून्य पॉइंट आठच्या आसपास येतं. तेवढंच ठेव. बाहेरचे परीक्षक जेवून येतीलच इतक्यात, उगाच नसते प्रश्न ओढवून घेऊ नकोस."

मी ०.७९ ग्रॅम बाजूला काढले आणि उरलेले बेसिनमध्ये टाकले. पाण्याने ते जाईनात, म्हणून वरून अल्कोहोल ओतलं. कागदावर लिहिलं, एक्याऐंशी टक्के.

परीक्षकांनी पेपर पाहिला. "बोरोहायड्राइडचा एक रेणू बेंझोफिनोनच्या किती रेणूंना पुरतो?"

"चार," मी म्हणाले. उत्तर मला येत होतं, याचाच मला आजही संताप होतो.

"मग आधी काय संपतं?"

बेंझोफिनोन; जर्नलात हिशेब एकास एक धरला होता. त्यांनी ०.९७ वर काट मारून १.८४ लिहिलं. "त्रेचाळीस टक्के. हाताला अजिबात सफाई नाही."

सर शेजारीच बसून जर्नलांवर सह्या करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

परतताना एस.टी.त तिकिटाच्या मागे गणित मांडलं. १.८४ पैकी १.३८, म्हणजे माझे खरे पंचाहत्तर टक्के आले होते. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, मुलाखतही गेली. आता खासगी क्लासमध्ये बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सरांना मी माफ केलेलं नाही, पण अल्कोहोलची बाटली माझ्या हातात होती, हे काही केल्या पुसता येत नाही.

वडील साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. उसातून साखरेचा उतारा किती पडला, हे काढण्यातच त्यांची सारी हयात गेली. प्रॅक्टिकलच्या त्या संध्याकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उतारा जास्त दिसला तर आमी गनित परत तपासतो," ते म्हणाले. "साखर वतून देत न्हाई."