गप्प बसलेला कुकर

सकाळी साडेआठला दारावर थाप पडली, ती मावशीला ऐकू आली नाही. दिसली. समोर पेपर धरून बसलेल्या नवऱ्याची मान वर झाली, चष्मा नाकावर घसरला आणि तो दाराकडे बघायला लागला. गेले सात-आठ महिने मावशीचं असंच चाललं होतं. दूध उतू जायच्या आत ती सायीवरच्या सुरकुत्या बघून गॅस कमी करायची. कुणी बोलायला लागलं की डोळे त्याच्या ओठांवर ठेवायची आणि दोन शब्द निसटले तर हसून वेळ मारून न्यायची.

"अहो, बघा की कोण आहे," ती म्हणाली, जणू थाप आधी तिलाच कळली होती.

"बघतो. तू गाजरं काप. आणि झाल्यावर बोटं मोजून घे."

"तीस वर्षांत एक कमी झालं नाही. आता मोजायला तुमचा चष्मा लागेल."

खोटं नव्हतं ते. एका वसतिगृहाच्या खानावळीत तिनं तीस वर्षं काढली होती, दोन वेळची अडीचशे ताटं. सुरी ती मुठीनं धरत नसे. पात्याच्या मुळाशी अंगठा आणि तर्जनी चिमटीसारखी बसवायची, डाव्या हाताची बोटं आत मुडपायची आणि पातं बोटाच्या पेरावर टेकवून पुढे सरकवायचं. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट जागचा हलत नाही. खानावळीत तीन कुकर एका वेळी चढायचे आणि ही बाहेर व्हरांड्यात तांदूळ निवडता निवडता ओरडायची, "मधला उतरवा, त्याच्या तीन झाल्या!" तिथंच तिचं नाव शिट्टीमावशी पडलं. पुढे इमारतीतली पोरंसोरंही तेच म्हणायला लागली. खरं नाव विचारलं तर नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागलं असतं.

इमारतीतल्या बायका तिच्याकडे शिकायला यायच्या. किसणीवर तेलाचं बोट फिरवून घ्या, चीज चिकटत नाही. बरणीचं झाकण अडलं तर दात ओठ खाऊ नका, लाटण्यानं कडेकडेनं ठोका. सुरी बोथट झाली तर चहाचा कप उलटा करा, बुडाच्या खरखरीत कडेवर दहा वेळा ओढा, पण दर वेळी एकाच दिशेनं. तेल तापलं का बघायला लाकडी चमच्याचं शेपूट बुडवा, भोवती बुडबुडे आले की समजा. "हत्यार सगळ्यांकडे तेच असतं गं," ती म्हणायची, "फरक हाताचा." आणि कुकरचा विषय निघाला की, "हाताचा नाही, कानाचा."

दारात वरच्या मजल्यावरची शिंपीण उभी होती. गळ्यात टेप, दुपट्ट्याला टाचण्या, पायात चप्पल नाही. नव्यानं राहायला आलेली, नवरा पहाटेच्या पाळीला गेलेला, नऊ महिन्यांचं रांगतं पोर. ती इतकी भराभर बोलत होती की मावशीला ओठ धरता येईनात.

"सावकाश. पहिल्यापासून."

"मावशी, कुकर बोलतच नाहीये! वाटाणे लावलेत, वीस-पंचवीस मिनिटं झाली. मी मशीनवर होते, लक्षातच नाही आलं. एकसुद्धा शिट्टी नाही."

"ज्योत?"

"मोठी."

"वाटाणे किती?"

"जरा जास्तच झाले. दोन दिवसांचे एकदम."

"आणि बाळ?"

शिंपिणीचा चेहरा तिथं उतरला. "आतल्या खोलीत झोपलाय. स्वयंपाकघरातूनच जावं लागतं ना तिकडे. मला धीर होईना. चमच्यानं शिट्टी उचलून बघू का?"

"हात लावलास तर बघ!" मावशी एवढ्या जोरात म्हणाली की नवऱ्याच्या हातातला पेपर खाली पडला.

जिना चढताना मावशीच्या मनात एकटा कुकर नव्हता, गुरुवारही होता. गुरुवारी ही पोरगी याच कुकरचं झाकण घेऊन खाली आली होती. जुना कुकर आहे, सासूनं दिलाय, एकदा बघून द्या म्हणाली. मावशीची झाकण तपासायची रीत ठरलेली होती. वाफेच्या नळीला तोंड लावायचं, फुंकर घालायची. नळी साफ असेल तर बारीक सूं ऐकू येतो, अडलेली असेल तर फुस्स होऊन थांबतो. उजेडाकडे धरून बघणं तिला कधी लागलंच नाही. ते शिकाऊ लोकांचं काम. गुरुवारी तिनं फुंकर घातली. काहीच ऐकू आलं नाही. सूं नाही, फुस्स नाही. समोर पोरगी भक्तिभावानं बघत होती. "छान आहे," मावशी म्हणाली, "अजून दहा वर्षं जाईल." त्यावर शिंपिणीनं तिला ब्लाउजची शिलाई माफ करून टाकली होती.

वरच्या घराच्या दारातूनच स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्यावर कुकर, खाली निळी ज्योत पसरलेली, आणि ओट्यापलीकडे आतल्या खोलीचा पडदा. खिडकीच्या काचेवर वाफेचं नाव नाही. झाकणाच्या कडेला पाण्याचा थेंब नाही. रबर गळत असतं तर कडा ओली दिसली असती. वाफ कुठूनच बाहेर येत नव्हती, म्हणजे ती सगळी आतच होती. शिट्टी नळीवर अशी बसली होती, जशी एखादी रुसलेली बाई भिंतीकडे तोंड करून बसते. बाजूचा सुरक्षेचा वॉल्व्ह जुना, काळा पडलेला. तो वेळेवर उडेल याची खात्री मावशीनं कुणालाही दिली नसती. आता तरी नसती दिली.

"ओट्यावरचं बटण नको," ती पुटपुटली, "सिलिंडर खाली आहे ना?"

"हो, डावीकडे."

मावशी जमिनीवर बसली. एकसष्ट वर्षांचे गुडघे, ते कुरकुरले असतील, तिला कळलं नाही. भिंतीला पाठ घासत, डोकं ओट्याच्या पातळीखाली ठेवून ती सरकत गेली. दगडी ओट्याला खांदा लागला तेव्हा कुकरची बारीक थरथर दगडातून अंगात आली. डोक्यावर, हातभर अंतरावर, ते भांडं होतं. तिनं वर बघितलं नाही. हात लांब केला, रेग्युलेटरचा खटका चाचपला आणि फिरवला. मग आली तशीच सरकत मागे, दाराबाहेर जिन्याच्या कठड्यापर्यंत. तिथून पाहिलं तर ज्योत गेली होती.

नवरा मागोमाग आला होता. तिला हाताला धरून उठवताना तो काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली.

"आता?" शिंपिणीनं विचारलं.

"आता थांबायचं. आपोआप निवू द्यायचा. पाणी ओतायचं नाही, उचलायचा नाही."

पुढची पाच मिनिटं सरता सरेनात. मावशीचे डोळे झाकणावर होते. पण झाकण बघून काही कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गॅस बंद केल्यावरही अडलेला कुकर पोटात गुरगुरत राहतो. गुरगुर मंद होते, थांबते, मग पत्रा टकटक करत आकसायला लागतो. ती टकटक सुरू झाली की आतला जोर उतरणीला लागला म्हणायचा. त्याआधी जवळून जाणं म्हणजे दैवावर हवाला. खानावळीत ती हे दहा पावलांवरून सांगायची.

अचानक शिंपिणीनं तिचा दंड घट्ट धरला. मावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"उठला! मावशी, रडतोय!"

रडणं मावशीला ऐकू आलं नाही. तिला आतल्या खोलीचा पडदा दिसला. तो खालून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, फुगत होता. मग त्याखालून एक छोटासा पंजा बाहेर आला आणि फरशीवर टेकला. कुकर त्याच्या वाटेवरच, ओट्याच्या कडेला.

"जाऊ मी? मावशी, सांगा ना! जाऊन उचलू का त्याला? कुकरचा जोर गेला का?" शिंपिणीचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. नवराही मावशीकडेच बघत होता. आजवर कुकरच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे इमारतीत कुणी गेलं नव्हतं. हो म्हणाली असती तर पोरगी धावली असती. नको म्हणाली असती तर थांबली असती, पोर रांगत पुढे येत असताना.

मावशीनं तोंड उघडलं. गुरुवारचं "छान आहे" अजून जिभेवर होतं, तितकंच सोपं, तितकंच गोड. तिनं ते गिळलं.

"मला ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "सात महिने झाले. झाकणही मी न ऐकताच पास केलं. आत गुरगुर आहे की टकटक, तू कान देऊन ऐक, आणि मला सांग."