पापुद्रा उठेना

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रॉस्कॉफच्या सागरी प्रयोगशाळेत एनोरा केर्दिलेस सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. सी-अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या अंड्यांवर शुक्राणू सोडले होते, तरी अंडं फळल्याची खूण असलेला पापुद्रा एकाही अंड्याभोवती उठेना. हंगामातली ही शेवटची अंडी, दुपारपर्यंत वाया जाणारी. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"एनोराबाई, येरझारा घालून अंडी फळतात होय?" अर्चिन आणणारा पाणबुड्या गुल्वेन दारातून म्हणाला.

"गप रे. तुझे नरच म्हातारे असतील."

"आधी तुझं पाणी बघ!"

ती चरफडत कपाटाकडे गेली. खाऱ्या पाण्यात ती कालवते ते कॅल्शियमचं मीठ ओलं गच्च झालं होतं. झाकण तिच्याच हातून सैल राहिलं होतं. मिठानं हवेतला दमटपणा ओढला आणि तिनं मिठाच्या जागी बरंचसं पाणीच तोललं. कॅल्शियम कमी पडलं की शुक्राणूला अंड्याच्या पडद्यातून आत शिरता येत नाही.

नवी बाटली फोडून तिनं पाणी पुन्हा बनवलं आणि उरलेली अंडी त्यात घेऊन पुन्हा शुक्राणू सोडले. मिनिटाभरात पापुद्रे उठले.

"आता तरी बस," गुल्वेन म्हणाला.

ती बसली नाही; आधी तिनं नव्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. उद्या सकाळी सातला तिचं पहिलं काम होतं ते या अंड्यांतून निघून पोहू लागलेले गर्भ मोजण्याचं.